सरांची पेटी सापडली

प्रिय बंड्या,

तब्येत बरी आहे, शुगर गोळ्यांवर ताब्यात आहे, आईपण ठीक. हे झालं. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे घरी सांगून कुणाला कळणार नाही आणि डिपार्टमेंटमध्ये आपल्या वेळचं आता कुणी राहिलंच नाही.

सरांची पेटी सापडली! तीच हिरवी पत्र्याची, जिच्यावर तू खिळ्यानं ‘अर्नेट’, आपल्या त्या संशोधकांच्या नेटवर्कचं नाव, कोरलंस आणि सर आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. कॉलेज तपासायला नॅकची टीम यायची म्हणून स्टोअर रिकामी करायला काढली होती, डेडस्टॉकचं निर्लेखन सुरू होतं, जुने मॉनिटर, कीबोर्ड, मोडक्या खुर्च्या सगळं एका ढिगात आणि भंगारवाला काटा घेऊन दारात. शिपाईमामांनी हाक मारली, “सर, ह्यात नुसती कागदं हायत, रद्दीत घालू काय?” मी आधी पेटीवर हात ठेवला आणि मग काय ते बोललो. आता ती माझ्या घरी आहे, कॉटखाली, आणि बायको म्हणते झुरळं होतील.

आत फोन लाइनवरून मशीन जोडायचा, सेकंदाला 2400 बिटचा मोडेम, एक तुटकी केबल, सरांची लाल वही आणि त्या दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावरचे मेलचे प्रिंटआउट. पत्त्यांत ती उद्गारचिन्हं बघून मला एकदम जुहू आठवलं. आठवतंय का, मेल कुठल्या मशीनवरून कुठल्या मशीनवर जाणार तो अख्खा रस्ताच पत्त्यात लिहायचा, आणि त्या रस्त्यात मध्ये ‘शक्ती’, जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेचं मशीन. आपण दोघं कोर्सला गेलो होतो तेव्हा तू ‘शक्ती’ला नमस्कार करून आत जायचास, मी हसायचो. आता ती संस्थासुद्धा सी-डॅक या दुसऱ्या सरकारी संस्थेत विलीन झाली. आणि सरांचं ते रात्री अकरा वाजेपर्यंत बसून राहणं, कारण अकरानंतर एसटीडी पाव दरात! मग मुंबईला फोन लावायचा, लाइन तुटायची, परत लावायचा. वहीत रोजची नोंद आहे, किती वाजता लागला, किती मेल आले, का तुटला.

पण माझी झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीनं. परवा फर्स्ट इयरच्या पोरांना विचारलं, भारतात इंटरनेट कधी आलं? एकानं लगेच मोबाइलवर बघून सांगितलं, 15 ऑगस्ट 1995, व्हीएसएनएल ही सरकारी कंपनी. चूक नाही त्याचं, सर्वसामान्यांसाठी तेव्हाच सुरू झालं. पण त्याच्या आधीच्या नऊ वर्षांचं काय? 1986 ला डिपार्टमेंट ऑफ इलेक्ट्रॉनिक्सनं संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीचा पैसा घेऊन अर्नेट सुरू केलं, आठच ठिकाणं, पाच आयआयटी, बेंगळुरूचं आयआयएससी, जुहूचं एनसीएसटी आणि दिल्लीत खुद्द ते डिपार्टमेंट. पहिल्यांदा काय, तर एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर मेल. एकाच शहरातली दोन ठिकाणं! 1992 पर्यंत ही आठही 9.6 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 9,600 बिटच्या, कायम जोडलेल्या लीज्ड लाइननं जोडली गेली आणि त्याच वर्षी मुंबईहून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेट या इंटरनेट कंपनीला 64 केबीपीएसची लाइन पडली. त्या 64 मध्ये अख्ख्या देशातले संशोधक! पोरांना सांगितलं की आज मोबाइलनं काढलेला 3 एमबीचा फोटो 9.6 वर पाठवायला चाळीस मिनिटांच्या वर लागली असती, तर त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

एनसीएसटीच्या रमाणी सरांना 2014 ला इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेवढं तरी जगाला माहीत आहे. पण आपले सर? रात्री अकरानंतर मोडेमपाशी बसणारे असे गावोगावचे सर? कुठल्या इतिहासात येणार रे ते. नेटवर्क चाललं की कुणाला दिसत नाही, बंद पडलं की सगळे फोन करतात, आणि चालवणारा रिटायर झाला की त्याची पेटी डेडस्टॉकमध्ये. मला ह्याचा खरंच लय त्रास होतोय.

आणि हो, वहीत आपलं भांडणपण आहे, मशीननी एकमेकांशी कुठल्या नियमांनी बोलायचं, ओएसआयच्या की टीसीपीच्या! एका पानावर तुझ्या अक्षरात ‘ओएसआयच टिकणार’ आणि खाली माझ्या अक्षरात ‘टीसीपी’, त्याखाली सरांनी लाल पेनानं ‘दोघे गप्प बसा’. अर्नेटनं तरी दोन्ही चालवून बघितलं ना, टीसीपी/आयपी पण आणि ओएसआय पण, आणि 1995 नंतर जवळपास सगळं टीसीपीवरच. हरलास तू भावा, चहा अजून बाकी आहे. त्याच पानाच्या मागं सरांनी व्हॅन जेकबसन या अमेरिकन संशोधकाची गोष्ट लिहून ठेवलीय, 1986 च्या ऑक्टोबरातली. बर्कलीची लॅब आणि तिथलं विद्यापीठ, अंतर चारशे यार्ड, आणि 32 केबीपीएसचा वेग पडला थेट सेकंदाला 40 बिटवर. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की मशीन परत पाठवणार, त्यानं गर्दी वाढणार, मग आणखी हरवणार, नवरात्रात महाद्वार रोडला मागच्यानं पुढच्याला ढकलावं तसं. मग त्यानं मशीननाच दमानं घ्यायला शिकवलं, आधी थोडं पाठव, पोचलं तर वाढव, अडलं तर कमी कर. ते जमलं म्हणून टीसीपी टिकलं, असं सरांचं मत खाली लिहिलंय, आणि मला ते पटतं, तू काहीपण म्हण.

त्याच वहीत शेवटाकडं एनएसएफनेटचं, अमेरिकेतल्या संशोधकांच्या नेटवर्कचं पान आहे. तिकडं 1986 ला 56 केबीपीएस, 1988 ला दीड एमबीपीएस, 1991 ला 45 एमबीपीएस, आणि एप्रिल 1995 ला बंद, सगळं कंपन्यांच्या लाइनवर गेलं. म्हणजे बघ, तिकडं संशोधकांचा कणा, म्हणजे मुख्य लाइन, काढून घेतला आणि चार महिन्यांत इकडं जनतेचं इंटरनेट चालू झालं. मग काय झालं, तर रस्ता सगळ्यांचा झाल्यावर मोठा डेटा हलवणाऱ्यांना परत वेगळा रस्ता लागला. तिकडं 1996 ला विद्यापीठांनी इंटरनेट2 काढलं, मग त्यासाठी अडीच जीबीपीएसचं नेटवर्क, अ‍ॅबिलीन. आपल्याकडं मार्च 2010 ला नॅशनल नॉलेज नेटवर्क (एनकेएन) मंजूर झालं, 5,990 कोटी, दीड हजार संस्था जोडायच्या, कणा 10 जीबीपीएसच्या पटीत. 9.6 केबीपीएसच्या दहा लाख पट भावा! त्यावरून युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा डेटा मुंबईत टीआयएफआर आणि कोलकात्यात व्हीईसीसी या संशोधन संस्थांना येतो. सरांनी हे बघायला हवं होतं. एनकेएनची बातमी आली तेव्हा मी त्यांना राजारामपुरीत भेटलो होतो, पेपर हातात घेऊन म्हणाले, “आता कोल्हापूरच्या पोराला मुंबईला जावं लागणार नाही.” मला ते खरं करून दाखवायचं आहे, म्हणून इतिहास पोरांपर्यंत पोचला पाहिजे असं वाटतं. लाइन कशासाठी टाकली हेच माहीत नसेल तर ते तिच्यावर फक्त रील्स बघणार.

तुझं काय चाललंय? वहिनींचा गुडघा बरा झाला का, पोरीला बेंगळुरूतच नोकरी लागली म्हणे, छान झालं, पेढे पाठव. घराचं काम संपलं असेल तर फोटो टाक.

आता काम सांगतो. वहीत निम्म्या नोंदी सरांच्या शॉर्टहँडमध्ये आहेत आणि त्या फक्त तुला वाचता येतात, ‘जे-2 डाऊन, बी-नं बघितलं’ असलं काहीतरी, त्यातला बी म्हणजे तूच असणार. शाई उडत चाललीय, काही प्रिंटआउटवर अक्षरं आता नुसती राखाडी दिसतात. मी स्कॅन करायला सुरुवात केलीय, पण वाचून दाखवणारा पाहिजे. दिवाळीला येणारच आहेस, तर चार दिवस आधी ये, एकटा ये. तुझ्याकडं जुहूची फाइल असेल तीपण घेऊन ये, कोर्सच्या नोट्स, सर्टिफिकेट, काय असेल ते. पांढरा रस्सा माझ्याकडं, आणि चहा तुझ्याकडून, हरलेल्यानं द्यायचा. रेल्वेचं तिकीट आजच बघ, नंतर वेटिंग लागतं.

तुझा,
दाद्या