कर्लिंगला 'झाडू मारायचा खेळ' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर चार वर्षांनी हिवाळी ऑलिम्पिक आलं की मराठी पेपरांत कर्लिंगचा एक फोटो येतो आणि खाली ओळ ठरलेली असते, बर्फावर झाडू मारायचा खेळ. मग व्हॉट्सॲपवर तोच फोटो फिरतो, आमच्या फॅमिली ग्रुपवर पण येतो, सगळे हसतात. मला ते लागतं, खरंच सांगतो. मी मूळचा इचलकरंजीचा, चौदा वर्षं झाली कॅनडात मनिटोबा प्रांतात विनिपेगला आहे, बस बनवायच्या कारखान्यात वेल्डिंग करतो आणि गेली नऊ वर्षं हिवाळ्यात दर मंगळवारी रात्री क्लबात कर्लिंग खेळतो. म्हणून हे पत्र.

ऑलिम्पिकबद्दल कुणीही लिहील, मला लिहायचंय ते मनिटोबाच्या पुरुषांच्या प्रांतीय स्पर्धेबद्दल, कारण हा खेळ काय चीज आहे ते मला तिथंच कळलं.

आधी खेळ थोडक्यात. ग्रॅनाइटचा दगड, वजन साधारण वीस किलो, वर हँडल. बर्फाची लांबच लांब पट्टी, तिच्या टोकाला रंगीत वर्तुळं, त्याला हाउस म्हणतात. एका टीममध्ये चार जण, एका एंडला, म्हणजे एका डावाला, प्रत्येक टीमचे आठ दगड, आणि वर्तुळांच्या मधल्या ठिपक्याच्या, म्हणजे बटणाच्या, सगळ्यात जवळ ज्यांचा दगड राहील त्यांचे पॉइंट. कॅरम खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं, समोरच्याची सोंगटी उडवायची, आपली झाकून ठेवायची, कट मारून आत घुसायचं, सगळं तेच. फक्त इथं दगड हातातून सुटल्यावरसुद्धा काम संपत नाही. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे गोठवलेले असतात, त्याला पेबल म्हणतात, आणि दगडाच्या पुढं ब्रूम, म्हणजे तो तुमचा 'झाडू', जोरात घासला की त्या दाण्यांना जराशी ऊब लागते, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कधी घासायचं आणि कधी थांबायचं हे पलीकडून स्किप, म्हणजे टीमचा कॅप्टन, ओरडून सांगतो आणि घासणारे दोघं धावता धावता दगडाचा वेग जोखत असतात. वीस सेकंद असं घासून बघा, खांदे भरून येतात. बर्फ साफ करायला ते घासत नाहीत हो.

आता इतिहास. विनिपेगमध्ये १८७६ साली लोक कर्लिंग खेळायला लागले, स्कॉटलंडहून आलेली मंडळी होती ती, आणि त्या पहिल्या मॅचला पैज होती ओटच्या पिठाची, ते पीठ हॉस्पिटलला दिलं असं इथं आवर्जून सांगतात. १८८८ साली प्रांताची संघटना झाली आणि पुढच्याच वर्षी बॉनस्पिएल सुरू झालं. बॉनस्पिएल म्हणजे आपल्याकडं जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो ना, तसं समजा, गावोगावचे लोक ट्रेननं विनिपेगला यायचे आणि दिवसरात्र खेळायचे. १९८८ ला शंभराव्या वर्षी तिथं १,२८० टीम उतरल्या होत्या, म्हणजे पाच हजारांवर माणसं एका शहरात दगड सरकवत होती.

१९२५ च्या सुमाराला एका तंबाखू कंपनीनं या बॉनस्पिएलला ट्रॉफी दिली, जिंकलेल्या टीमला पूर्वेकडं खेळायला पाठवायचं ठरलं, आणि त्यातूनच १९२७ साली टोरांटोत पूर्ण देशाची स्पर्धा सुरू झाली, तिचं नाव ब्रायर, हे नाव पण तंबाखूच्या ब्रँडचंच. तेव्हापासून प्रांतीय स्पर्धेचा अर्थ एकच, ब्रायरला मनिटोबाकडून कोण जाणार. आणि गेले ते असे खेळले की १९२८ ते १९३२ सलग पाच वर्षं ब्रायर मनिटोबाकडंच राहिली.

या स्पर्धेतून काय काय माणसं निघाली! केन वॉटसन हे विनिपेगचे शाळामास्तर. त्या काळी दगड सोडताना माणूस जागेवरून फारसा हलायचा नाही, यांनी एका पायातला रबराचा जोडा काढला आणि दगडाबरोबर लांबपर्यंत घसरत जाऊन मग सोडायला लागले, आज जगभर सगळे तसंच करतात. १९३६, १९४२ आणि १९४९ अशी तीनदा ब्रायर जिंकली, तीन वेळा जिंकणारे ते पहिले स्किप, आणि तिन्ही वेळा सख्खा भाऊ ग्रँट टीममध्ये. मधली १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं महायुद्धामुळं ब्रायर झालीच नाही, नाहीतर अजून एखादी नक्की मारली असती असं माझं मत. अ‍ॅब गोवनलॉक तर मोठ्या शहरातले पण नव्हते, १९३८ ला ग्लेनबोरो नावाच्या छोट्या गावातून जिंकले आणि पंधरा वर्षांनी, १९५३ ला, डॉफिनकडून परत जिंकले. १९५८ ला टेरी ब्राउनस्टीन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा प्रांत जिंकून ब्रायरला गेला आणि टायब्रेकपर्यंत पोचला, तेव्हा हरला, पण १९६५ ला त्यानं ब्रायर घेतलीच. डॉन डुगिड १९७० आणि १९७१ ला लागोपाठ वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि दोन्ही वर्ल्डमध्ये एकही मॅच हरले नाहीत.

आणि १९७२ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओरेस्ट मेलेशुक, विनिपेगचेच, प्रांत जिंकले, ब्रायर जिंकली आणि जर्मनीत गार्मिशला वर्ल्डच्या फायनलला अमेरिकेसमोर उभे राहिले. शेवटचा एंड, अमेरिका ९-७ नं पुढं, मेलेशुकच्या हातात शेवटचा दगड आणि पाहिजेत दोन पॉइंट. दगड गेला, बसला, अमेरिकेवाल्यांना वाटलं आपलाच दगड जवळ आहे, आपण जिंकलो, आणि त्यांचा स्किप बॉब लाबाँटे आनंदानं उडी मारायला गेला तो पाय घसरून पडला आणि त्याचा पाय कॅनडाच्या दगडाला लागला. दगड हलला! आता मोजणार कसं, पंचांनी दोन पॉइंट कॅनडाला दिले, बरोबरी झाली आणि जादा एंडमध्ये कॅनडा १०-९ नं जिंकलं. त्यानंतर १९८० पर्यंत कॅनडाला पुरुषांचं वर्ल्ड मिळालं नाही, त्याला इथले लोक लाबाँटेचा शाप म्हणतात. क्लबातले म्हातारे ही गोष्ट सांगताना अजून खाली वाकून दगड कुठं होता ते बोटानं दाखवतात.

पुढं केरी बर्टनिक आले, मग जेफ स्टॉटन, जो कधीकधी दगड सोडताना स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायचा आणि तरी दगड जागेवर पडायचा, १९९६ आणि २०११ असा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन. त्याच्याच काळात माइक मॅकएवन जगातल्या वरच्या टीमांपैकी एकीचा स्किप असून प्रांताची फायनल परत परत हरत राहिला आणि २०१६ ला कुठं एकदाचा जिंकला. जगात नाव असलेला माणूस आपल्या प्रांतातून बाहेर पडू शकत नव्हता, यावरून स्पर्धा किती कडक आहे ते बघा.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. ही स्पर्धा कुणालाही खुली. कित्येक वर्षं प्रांतीयला ३२ टीम असायच्या, गावच्या क्लबातून झोनला, झोन जिंकून प्रांताला. त्यामुळं गव्हाची शेती करणारा, शाळेत शिकवणारा, प्लंबर असले चार जण एका सकाळी वर्ल्ड चॅम्पियनच्या समोर उभे राहायचे, फी भरून, सुट्टी काढून. आपल्या तालमीतल्या पोरानं जिल्हा निवड चाचणीला जाऊन सरळ हिंदकेसरीशी हात मिळवावा तसं. आणि स्पर्धा भरते पण अशा गावांत, सेल्कर्क, विंकलर, व्हर्डन. २०२३ ला नीपावाला होती, आम्ही कारखान्यातले तिघं गाडी काढून गेलो, बाहेर मरणाची थंडी, आत गावचं आइस हॉकीचं मैदान, बायाबापड्या किचनमध्ये सूप आणि सँडविच विकत होत्या. मॅट डन्स्टनची टीम जिंकली. माझ्या शेजारी एक आजी स्वेटर विणत बसल्या होत्या आणि मान वर न करता नुसत्या आवाजावरून 'लाइट आहे' म्हणाल्या, म्हणजे दगडाला वेग कमी पडलाय, आणि खरंच तो हाउसच्या अलीकडं थांबला.

अजून एक. दगडाला चुकून ब्रूम किंवा पाय लागला तर खेळाडू स्वतः हात वर करून सांगतो, पंचाची वाट बघत नाही. मॅच संपली की सगळ्यांशी हात मिळवायचा आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला द्यायचं, मग ते दोन्ही टीमचे आठ जण एकाच टेबलावर बसतात. नवीन होतो तेव्हा माझ्यासारख्या तुटक इंग्लिश बोलणाऱ्या माणसाला या टेबलानंच आत घेतलं.

मला खेळायला पहिल्यांदा नेलं ते आमच्या गल्लीतल्या एका रिटायर शेतकरी काकांनी. ते तरुणपणी सहा वेळा झोनला खेळले, प्रांताला एकदाही पोचले नाहीत. प्रांत जिंकून ब्रायरला जाणाऱ्याला जांभळ्या रंगाचा हृदयाच्या आकाराचा बिल्ला मिळतो, तो जॅकेटवर शिवतात, काकांना तो मिळाला नाही. पण त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला जुना कॉर्न ब्रूम टांगलाय, गवती, काड्या झिजून एका बाजूला वाकलेला, मुठीपाशी त्यांच्या हाताच्या घामानं काळा पडलेला. पूर्वी अशाच ब्रूमनं खेळायचे, बर्फावर थाड थाड आवाज घुमायचा. आता ब्रूमला सपाट कापडी पॅड असतं. काकांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा दोन्ही हातांनी दिला.

तर साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी कर्लिंगचा फोटो छापाल तेव्हा खाली खेळाडूचं नाव लिहा, तो स्किप आहे का लीड, म्हणजे पहिले दगड टाकणारा, ते लिहा, आणि दगड कुठं थांबला ते लिहा. शब्द अडले तर कळवा, मी सांगतो.

आपला,
एक नियमित वाचक
विनिपेग, कॅनडा (मूळ गाव इचलकरंजी)