आधी टाकी जगू दे, बेडूक नंतर

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण तू म्हणतोयस शनिवारी बेडकांसाठी काचेची टाकी लावायची आणि रविवारी त्यात बेडूक. असं करू नकोस रे. मी केलं होतं. टाकीत थेट माती भरली, वर मॉस, दोन झाडं, आणि दुसऱ्याच दिवशी डार्ट फ्रॉगची, म्हणजे त्या छोट्या रंगीत, जंगलात विषारी असणाऱ्या बेडकांची, दोन पिल्लं सोडली. रोज फवारा मारायचो, ते पाणी जाणार कुठे, तळाशी साचलं, माती कुजली, वास यायला लागला, आणि त्यातल्या एकाने खाणंच सोडलं. गेलं ते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून सांगतो, सगळ्यात खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर दे, चांगला 5 सेंटीमीटर, त्यावर बारीक जाळी, मग कोकोपीट, सालीचे तुकडे, थोडा कोळसा. खत घातलेली माती अजिबात नको. मनी प्लांट, ब्रोमेलियाड काहीही लाव, पण आधी मुळं धुऊन जुनी माती काढून टाक. वर सुकलेली पानं भरपूर पसर. मग स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड, म्हणजे कुजका पालापाचोळा खाणारे बारीक किडे, सोड आणि महिना-दीड महिना नुसतं बघत राहा. लाकडावर पांढरी बुरशी येईल, घाबरू नकोस, ती हेच किडे खातात, पुढे बेडकांची घाणही तेच साफ करतात, आणि पिल्लांना येताजाता खायलाही होतात.

पाण्याचं मात्र नीट ऐक. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात. क्लोरीन पाणी उघडं ठेवलं की उडून जातं, पण काही नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं, ते जात नाही, त्यामुळे ही दोन्ही घालवणारं डीक्लोरिनेटर औषध वापरच. साबणाचा हात तर टाकीत घालूच नकोस.

तापमान 22 ते 26 डिग्री ठेव. 30 च्या आसपास गेलं की यांच्या जिवावर बेततं, आणि काचेची टाकी उन्हात किती पटकन तापते ते तुला कळणारही नाही, खिडकीपासून लांब ठेव.

खायला न उडणाऱ्या फळमाश्या, त्यावर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी3 ची पावडर. माश्या वाढवायची एखादी बरणी कधीही बंद पडू शकते, दोन-तीन तरी चालू ठेव. आणि काकूंना सांग, विषाची भीती नको, जंगलात यांना ते मुंग्या आणि बारीक माइट्स खाऊन मिळतं, फळमाश्यांवर वाढलेल्यांत ते नसतं.

आता माझ्याकडे चार आहेत. माशी दिसली की मागच्या पायाचं बोट टकटक हलवायला लागतात, पियानोवर हलवावं तसं, मग एकदम झडप. मी ऑफिसला जायचं विसरतो बघत.

टाकी लावलीस की फोटो पाठव, बुरशीचासुद्धा. गोळ्यांचा थर दिसला पाहिजे त्यात.

तुझाच,
पक्या