स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दमा, संधिवात किंवा त्वचाविकारासाठी डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दुष्परिणामांच्या भीतीने रुग्ण परस्पर बंद करतात, असे सर्रास दिसते. ही भीती निराधार नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांमुळे म्युकरमायकोसिस कसा फोफावला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. परंतु गोळी एकाएकी सोडण्यातला धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब आणि रक्तातील साखर ढासळू न देणे, तसेच ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला तग धरता येणे, हे त्यावर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावते आणि रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल दिसले की हात आखडता घेते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी कॉर्टिसॉलचेच काम करत असल्याने बाहेरून आलेला हा पुरवठा पीयूषिका ग्रंथीला वेगळा ओळखता येत नाही. शरीराची रोजची गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. त्याहून मोठी मात्रा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालली, तर एसीटीएच आटते आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसू लागतात. त्या पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात गोळी अचानक थांबली किंवा एखादा मोठा आजार उद्भवला, तर उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात ती याचसाठी.

सांधेदुखीवरच्या बिनलेबलाच्या भुकट्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास आपण काय घेत होतो आणि काय थांबवले, याचा रुग्णाला पत्ताच नसतो.

ब्रिटनमध्ये २०२० पासून दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना जवळ बाळगण्यासाठी स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड दिले जाते, जे पाहून अपघात विभागातील डॉक्टरांनाही तातडीचे उपचार ठरवता येतात. तसे मराठी कार्ड राज्याच्या आरोग्य विभागाने काढावे, आणि तोवर निदान ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये’ एवढा शिक्का औषधविक्रेत्यांनी गोळ्यांच्या पाकिटावर मारावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक