फ्रीझर खाली असलेलाच फ्रीज घ्या

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

जुना फ्रीज बदलायचं ठरलंच आहे, तर दुकानात जाण्याआधी हे पत्र वाचा आणि जाताना सोबत न्या. 1 जूनला मासेमारीबंदी लागते ती 31 जुलैपर्यंत. त्याआधी मासळी साठवायची घाई आणि मागोमाग चतुर्थी. या दोन गोष्टी आणि आईचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवून मी लिहिते आहे. दुकानदाराकडे आपल्या स्वयंपाकघराचा हा हिशेब नसतो. तो सवलत कुठल्या मॉडेलवर आहे ते सांगेल.

पहिली निवड रंगाची नाही, लिटरचीही नाही. फ्रीझर वर हवा की खाली, ही आहे. डबल डोअर मागितला की बहुतेक दुकानांत फ्रीझर वर असलेलाच पुढे करतात. त्यात बर्फ येतो डोळ्यांसमोर आणि भाजीचा ड्रॉवर जमिनीलगत. आता आई, तू दिवसभरात काय काढतेस ते बघ: दूध, खवलेलं खोबरं, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, सकाळची आमटी. फ्रीझर उघडतो फार तर एकदा-दोनदा. म्हणजे जे सतत लागतं त्यासाठी वाकायचं आणि जे क्वचित लागतं ते हाताशी. फ्रीझर खाली असला की हे उलटं होतं. भाजीचा ड्रॉवर कमरेच्या आसपास येतो, रोजची भांडी छातीच्या उंचीला. फ्रीझरमध्ये पुढे ओढायचे दोन-तीन ड्रॉवर असतात; स्टुलावर बसून ते निवांत ओढता येतात आणि मागची पिशवी शोधायला आत डोकं घालावं लागत नाही.

यात अडचण आहे ती मॉडेलांची. असे फ्रीज कमी कंपन्या करतात, त्यांची मॉडेलं मोजकीच असतात आणि ती तेवढ्याच लिटरच्या नेहमीच्या डबल डोअरपेक्षा महाग पडतात. फोंडा किंवा म्हापशाच्या दुकानात समोर ठेवलेला नसेल तर मागवून घ्या, पण ‘तसलं आता कोणी घेत नाही’ हे ऐकून परत फिरू नका. अगदीच मिळाला नाही तर फ्रीझर वर असलेला घेऊन खाली मजबूत स्टँड घाला. स्टँडमुळे भाजीचा ड्रॉवर 10-15 सेंटिमीटर वर येतो, पण फ्रीझरही तेवढाच वर जातो. म्हणून दुकानातच आईला फ्रीझरच्या मागच्या भिंतीपर्यंत हात पोचतो का ते करून बघू द्या आणि स्टँडची उंची त्यात धरा. चाकांना लॉक नसलेला स्टँड नको, दार ओढताना फ्रीज पुढे येतो.

दोघांना रोजच्यासाठी 250 लिटर पुरतात. मासळीचा साठा आणि चतुर्थीची माणसं धरून 300 ते 350 घ्या, त्यापुढे नको. जाहिरातीतल्या आकड्यात बहुतेक वेळा ड्रॉवर आणि कप्प्यांनी खाल्लेली जागाही मोजलेली असते, तेव्हा प्रत्यक्ष साठवणीचे लिटर वेगळे विचारा. त्यातही फ्रीझरचे किती ते विचारा. एकाच एकूण आकड्याच्या दोन मॉडेलांत फ्रीझर 60 लिटरचा असू शकतो, 90 चाही. जून-जुलैत हा फरक कळतो.

बाबा, तुम्हांला कपाटासारखी दोन उभी दारं असलेला फ्रीज आवडला आहे हे मला माहीत आहे. तो घेऊ नका. रुंदीला तो 90 सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि त्या रुंदीचे दोन भाग होतात. प्रत्येक भाग अरुंद. त्यात इडलीच्या पिठाचा मोठा टोप किंवा पातोळ्यांचं ताट आडवं जात नाही. एक अख्खी बाजू फ्रीझरची, म्हणजे दोघांसाठी रिकामी जागा वर्षभर उणे 18 अंशांवर ठेवायची. दारातून पाणी आणि बर्फ देणारी सोयही नको. तिची टाकी आणि नळी वेळच्या वेळी धुतली नाही तर आत बुळबुळीत थर धरतो, आणि ते काम आईवरच येणार.

फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ न साचणाराच घ्या. एकदारी फ्रीजमध्ये बर्फ साचतो. तो अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला की बटण दाबून वितळवावा लागतो. घाईत कोणी सुरी घातली तर नळीला भोक पडून गॅस जातो. आताच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर 600 ए हा गॅस असतो, तो ज्वलनशील आहे. वितळलेलं पाणी मागच्या ट्रेमध्ये जमतं आणि त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला फ्रीज ओढून ट्रे पुसणं आलं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हा ट्रे सहसा कॉम्प्रेसरजवळ असतो आणि पाणी त्याच्या उष्णतेने सुकतं. तरी पावसाळ्यात हवा ओली असते तेव्हा पाणी लवकर उडत नाही. महिन्यातून एकदा मिस्त्रीकडून किंवा शेजारच्या मुलाकडून, आधी प्लग काढून, बघून घ्या.

फ्रॉस्ट फ्रीचा एक दोष आपल्या घरी जास्त जाणवेल. त्यात पंखा हवा फिरवतो. साध्या मॉडेलमध्ये दोन्ही कप्प्यांना थंडावा देणारी कॉइल एकच असते, त्यामुळे बांगड्यांचा वास दुधात आणि नैवेद्याच्या खिरीत उतरतो. दोन कप्प्यांना दोन स्वतंत्र कॉइल असलेली मॉडेलं येतात, त्यांत हवा मिसळत नाही. दुकानात हा प्रश्न सरळ विचारा: ‘फ्रीझरची आणि रोजच्या कप्प्याची हवा एकत्र फिरते की वेगळी?’ उत्तर येत नसेल तर माहितीपुस्तिका उघडायला लावा. सोमवारी, चतुर्थीला घरात सोवळं पाळायचं असतं, तेव्हा या सोयीसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. वास वेगळा राहिला तरी उघडी भांडी मात्र ठेवू नका. फिरत्या हवेने पोळी, खोबरं, चिरलेली भाजी सगळं सुकतं.

‘कन्व्हर्टिबल’ हा शब्द हल्ली प्रत्येक फ्रीजवर असतो. म्हणजे फ्रीझरचं तापमान वाढवून तिथे साधा फ्रीज करता येतो. बहुतेक घरांत हे बटण कोणी दाबत नाही, पण आपल्याकडे त्याचा नेमका उपयोग आहे: बंदीच्या दोन महिन्यांत तो पूर्ण फ्रीझर, आणि मासळी संपली की चतुर्थीसाठी भाज्या, फळं, पंचखाद्य यांना जागा. बदलण्याआधी फ्रीझर पूर्ण रिकामा करून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा आणि दार उघडं ठेवून तासभर सुकू द्या. कमी-अधिक करायच्या पाच-सात पर्यायांना भुलू नका, हे दोन पुरे.

मासळी साठवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फ्रीज कितीही चांगला घेतला तरी गोळा करून कोंबलेली मासळी वायाच जाते. बांगडे-तारल्यांत तेल जास्त. ते उणे 18 अंशांतही दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागतात. सुंगटं (कोळंबी), मुडदुशी जास्त टिकतात. म्हणून मेच्या शेवटी भरलेले बांगडे जूनमध्येच संपवायचे आणि सुंगटं जुलैसाठी राखायची. बांगड्यांची आतडी आणि कल्ले काढून, धुऊन, फडक्याने कोरडे करा. एका जेवणाला लागतील तेवढेच एका पिशवीत, चपटे, दोन-तीन सेंटिमीटरहून जाड थर नको, आणि पिशवीतली हवा दाबून काढा. जाड गोळा आतून गोठायला फार वेळ घेतो. तोवर आतलं पाणी मोठ्या स्फटिकांत गोठतं आणि मासा शिजवल्यावर भुसभुशीत लागतो. सुंगटांची डोकी काढा, कवच राहू द्या, डब्यात ठेवून वर बुडेल इतकं पाणी घाला. बर्फाचं ते कवच त्यांना सुकण्यापासून वाचवतं. एका दिवसात दोन-अडीच किलोच भरा. दहा किलो एकदम घातलं तर आधीचं गोठलेलंही सैल पडतं. पिशवीवर तारीख घाला, आणि वितळवायला आदल्या रात्री खालून काढून वरच्या कप्प्यात ताटलीत ठेवा, ओट्यावर नाही.

कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचा घ्या. तो थांबत-सुरू होत नाही, हळू वेगाने बराच वेळ चालतो. नवा फ्रीज ‘बंदच होत नाही’ म्हणून घाबरू नका. बाजूचे पत्रे गरम लागतात तेही ठीकच आहे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्यांच्या आत असतात. कॉम्प्रेसरची 10 वर्षांची हमी फक्त कॉम्प्रेसरच्या सुट्या भागाची असते. गॅस, मजुरी, पंखा आणि सर्किट बोर्ड सहसा वर्षभरच. तेव्हा ‘10 वर्षं काळजी नाही’ असं कोणी म्हटलं तर हमीचा कागद वाचून दाखवायला सांगा.

तारे मोजण्याआधी लेबलावरचं वर्ष पाहा. निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून जुन्या वर्षाचे चार तारे नव्या तिनांइतकेच असू शकतात. खरा आकडा वर्षाच्या युनिटांचा. दोन मॉडेलांत 60 युनिटांचा फरक असेल तर त्याला आपल्या बिलावरच्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाला त्या रकमेने भागा. पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं निघतात. दहाहून जास्त आली तर तीन तारेच बरे.

बाबांचं इन्सुलिन. न उघडलेल्या पेनांना 2 ते 8 अंश लागतात. दारात ठेवू नका, दर उघडझापीला तिथलं तापमान वर-खाली होतं. मागच्या भिंतीला, जिथून गार हवा येते तिथेही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असतं. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शेजारी एक साधा थर्मामीटर. तो 4 अंशांच्या आसपास राहील असं बटण लावा. आकडे दिसणारं पॅनल दाराच्या बाहेर असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, चष्मा लावून आत वाकायला नको.

आता जागा. सध्याचा कोपरा बदला. चिऱ्याची ती भिंत पावसात ओल धरते आणि खारी हवा पत्र्याला तळातून गंज लावते. मागे 10, बाजूंना 5 सेंटिमीटर मोकळं हवं. पुस्तिकेत याहून जास्त लिहिलं असेल तर तेवढं. मागच्या खालच्या कप्प्याचं झाकण नीट बसवून घ्या, उंदीर तिथेच शिरून वायरी कुरतडतात. प्लग अर्थिंग असलेल्या स्वतंत्र पॉइंटला, मल्टिप्लगला मुळीच नाही. अर्थिंग तपासायला वायरमनला आधी बोलवा. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग ढिलं होतं, म्हणून मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. ‘स्टॅबिलायझर नको’ असं फ्रीजवर लिहिलेलं असतं ते ठराविक व्होल्टच्या मर्यादेतच. त्यावर गेलं की बोर्ड जळतो. आपल्याकडे वीज ज्या तऱ्हेने जाते-येते ते पाहता जास्त दाबाला तोडणारा आणि वीज परतल्यावर तीनेक मिनिटं थांबणारा स्टॅबिलायझर घ्याच. मोठा गडगडाट सुरू होण्याची चिन्हं दिसली की सरळ प्लग काढा. दार उघडलं नाही तर रोजच्या कप्प्यातलं चार तास तरी टिकतं, भरलेला फ्रीझर दिवसभर.

आणल्या दिवशी फ्रीज उभाच आणला का ते विचारा. आडवा आला असेल तर एक दिवस उभा ठेवून मगच सुरू करा, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत राहतं. उभा आला असेल तर तीन-चार तास पुरेत. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच करून घ्या, दार आपोआप मिटायला हवं. मग दारात दहाची नोट धरून मिटा आणि ओढा. चारही बाजूंनी ती अडकायला हवी. जिथे सहज सुटते तिथे रबर बसलेलं नाही, मिस्त्री असतानाच सांगा.

पैसे देण्याआधी मला तीन मापं कळवा: बाहेरच्या पायऱ्यांवरून आत येणाऱ्या दाराची मोकळी रुंदी, स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी उंबऱ्याच्या उंचीसकट, आणि नव्या जागी दार उजवीकडे उघडलं तर भिंत किती दूर आहे. भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला दार 90 अंशांहून जास्त उघडावं लागतं. भिंत जवळ असेल तर बिजागर बदलता येणारं मॉडेल शोधावं लागेल, ते मी इथून फोनवर विचारते.

तुमची बाय