मेनेन्गाईच्या आलेखाबद्दल

प्रिय ईशा,
अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मेनेन्गाई ज्वालामुखीखालच्या जमिनीचा, गुरुत्वाच्या मोजमापांवरून तू काढलेला छेद पाहिला. मोजलेले ठिपके आणि मॉडेलची रेघ किती छान जुळली आहेत! तुझा आनंद फोनवरही कळत होता. पण ‘उष्णतेचा स्रोत सापडला’ हे वाक्य प्रबंधात घालण्याआधी जरा थांब.

केनियाच्या खचदरीत माझी उमेदीची वर्षं गेली ती याच प्रश्नामागे. जमिनीखाली जड काय आहे ते ग्रॅव्हिमीटर सांगतो, गरम काय आहे ते नाही. कॅल्डेराखाली (ज्वालामुखीचा माथा खचून झालेल्या मोठ्या खळग्याखाली) गुरुत्व जास्त भरतं, म्हणजे तिथे दाट खडक घुसला असावा, इथवर तुझं बरोबर आहे. पण तो खडक केव्हाच थिजून गार झालेला असला, तरी रेघ जवळपास अशीच येईल. मेनेन्गाईत खाली आग आहे हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथल्या काही विहिरी सुमारे २ किलोमीटरवर थेट शिलारसात शिरल्या. ते ड्रिलने सांगितलं.

ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड बुलार्डचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी देत असे. १९३०च्या दशकात त्याने पूर्व आफ्रिकेत लंबकांनी गुरुत्व मोजलं. खचदरीवर ते कमी भरलं. त्यावरून त्याने ठरवलं, की दोन्ही बाजूंच्या दाबाने दरीचा तळ खाली दाबून धरला आहे. मोजमापं अस्सल होती, अर्थ मात्र उलटा निघाला. दरी ताणाने झालेली आहे, आणि गुरुत्व कमी भरण्यामागचं मोठं कारण म्हणजे खालचं तापून हलकं झालेलं प्रावरण. हे चित्र स्पष्ट होण्यात १९८५ आणि १९९०च्या भूकंपलहरींच्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. इतक्या मोठ्या माणसाचं असं झालं, तरी ती मोजमापं देणाऱ्या त्याच्या शोधनिबंधाबद्दल मला फार आदर आहे. आकडे त्याने इतके प्रामाणिकपणे दिले, की पुढच्यांना ते तसेच वापरता आले.

मॅग्नेटोटेल्युरिकच्या, म्हणजे जमिनीखाली वीज किती सहज वाहते ते मोजणाऱ्या, मंडळींबरोबर बस. विजेला सहज वाट देणारा चिकणमातीचा थर ते दाखवतील. मात्र क्षेत्र गार झाल्यावरही तो थर मागे उरतो, हे त्यांनाही विचार.

आणि मोजणीच्या ठिकाणांची उंची नीट तपास! एका मीटरला गुरुत्वात सुमारे ०.३ मिलिगॅलचा (गुरुत्व मोजायचं एकक) फरक पडतो. केनियातल्याच ओल्कारियात १९८१पासून जमिनीखालच्या वाफेवर वीज निघते. अशा ठिकाणी पाणी किती गेलं, किती परत भरलं, हे पुन्हापुन्हा गुरुत्व मोजून कळतं. तिथे उंचीत काही सेंटिमीटरची चूकसुद्धा सगळं बिघडवते. आपल्या शास्त्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला तिथेच वाटतो.

आता मुद्दाम वेगळं मॉडेल कर, दाट खडक उथळ आणि पसरट धरून. तेही जुळलं तर दोन्ही छेद प्रबंधात शेजारी शेजारी छाप. मला पाठवशील तेव्हा उंचीची फाइल आणि बेस स्टेशनची (तुलनेसाठी ठरवलेल्या ठिकाणाची) वाचनं सोबत जोड.

तुझी,
आई