तुला दिलेला तो क्रमांक

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून लाज वाटते. प्रकृती बरी आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. आज लिहायला बसलो, कारण परवा घडलेली गोष्ट घरात सांगितली, तर "एवढे काय त्यात?" यापलीकडे कोणी काही बोलले नाही.

परवा पदपथावर सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती विकणारा एक मुलगा दिसला. पद्धत आपल्या वेळचीच: हातात फक्त नावांचा प्लास्टिक चढवलेला कागद, माल दुसरीकडे; नाव सांगितले की दुसरा मुलगा दहा मिनिटांत डिस्क आणून देतो. त्या यादीत मोठमोठ्या नावांच्या खाली, पेनने लिहिलेले, मी लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे नाव होते. मी डिस्क विकत घेतली. घरी येऊन उघडली, तर कुलूप फोडणारी फाइल जिथे असते तो 'क्रॅक' नावाचा फोल्डर रिकामा आणि शेजारच्या फाइलमध्ये दोनच ओळी: अँटिव्हायरस बंद करा, हा नंबर टाका. कुलूप फोडायची गरजच पडली नव्हती, कारण किल्ली खरी होती. सुधीर, प्रोग्रॅम चालू करायचा तो परवाना क्रमांक मी तीन वर्षांपूर्वी दादांच्या दुकानासाठी तुला दिलेला आहे.

तुझ्यावर माझा संशय नाही. दादांचा संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणीतरी तो उतरवून घेतला असेल. इंटरनेट नसले तरी प्रोग्रॅम चालावा म्हणून मी सगळी मदार त्या क्रमांकावर ठेवली, ही चूक माझीच. तरीही दोन रात्री झोप लागली नाही, आणि सारखे आपले ते भांडण आठवत राहिले. बिल गेट्सने फेब्रुवारी 1976 मध्ये हौशी संगणकवाल्यांना लिहिलेले खुले पत्र तू मोठ्याने वाचून दाखवले होतेस. अल्टेअर हा तेव्हाचा छोटा संगणक घेणाऱ्यांपैकी 10 टक्क्यांहूनही कमी जणांनी त्याच्या कंपनीचे बेसिक, म्हणजे त्यावर प्रोग्रॅम लिहायचे सॉफ्टवेअर, विकत घेतले, ही त्याची तक्रार. मी म्हणालो, त्याला काय कमी पडले आहे? तू म्हणालास, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याने रात्री जागवल्या होत्या. दोन दिवस आपण बोललो नाही. शेवटी मालूताईने एकाच ताटात जेवायला बसवले. तुझे म्हणणे बरोबर होते, हे आज लिहून देतो.

आणि 26 एप्रिल 1999. मी आणलेल्या सीडीतून सीआयएच विषाणू प्रयोगशाळेच्या संगणकात शिरला होता. त्या तारखेला त्याने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, दोन्ही पुसले. काळ्या पडद्यासमोर आपण चौघे उभे होतो, वर्षभराचा प्रकल्प गेला होता, आणि सरांनी तीनदा विचारूनही ती सीडी माझी होती हे तू सांगितले नाहीस. म्हणूनच हा प्रश्न तुला विचारताना हात जड होतो.

तक्रार करावी का? 1995 पासून लागू असलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखे संरक्षण दिले आहे, त्यामुळे कायदा माझ्या बाजूने आहे. पण पकडला जाईल तो कागद घेऊन उन्हात उभा असलेला मुलगा. प्रती काढणारा त्या रस्त्यावर येतच नाही. मला राग आहे, खूप आहे, पण त्या मुलाचा चेहरा समोर आला की अर्ज पुढे सरकत नाही.

लेकीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. गुडघ्याचे काय झाले ते कळव. अक्षर मात्र जरा सुवाच्य काढ, मागचे पत्र वहिनींना फोन करून वाचून घ्यावे लागले होते.

नव्या आवृत्तीत तो क्रमांक मी रद्द करणार आहे. तुझे उत्तर येईपर्यंत ती थांबवून ठेवली आहे. तोवर दादांना हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायला सांग. त्यांच्यासाठी नवा क्रमांक सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे.

तुझा,
अनंत