बांधावर काढलेल्या चपला

सर,

फोनवर दोनदा तुमचे आभार मानायला गेलो. दोन्ही वेळा "पाऊस किती झाला?" असं विचारून तुम्ही विषय तोडलात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय, इथं तोडता यायचं नाही.

अहमदपूरजवळच्या आमच्या वावरात टँकर पलटी झाला, त्याला येत्या शिमग्याला दोन वर्षं होतील. सहा गुंठ्यांत डिझेल मुरलं. मग माणसं आली, पुष्कळ आली. टँकरवाल्यांचा माणूस गाडीची काच अर्धीच खाली करून बोलला. पंचनाम्याचे साहेब नाकाला रुमाल लावून बांधावरूनच माघारी फिरले. "जमीन गेली, मुरूम टाका अन् ढाबा काढा," हा सल्ला तर फुकटच मिळाला. एकजण डिझेल खाणाऱ्या जंतूंची बाटली विकायला घेऊन आला. भाव ऐकून आई म्हणाली, एवढ्यात बैल येतो की!

आणि मग तुम्ही परभणीहून एसटीनं आलात. बांधावर चपला काढल्यात आणि त्या चिकट, वास मारणाऱ्या ढेकळांत अनवाणी उतरलात. पेरत्या वावरात पायताण घालून जायचं नसतं, हे आमचं आम्हीच विसरलो होतो. महिनाभर आम्हीसुद्धा तिथं बूट घालूनच जात होतो. आई तेव्हा रडली. नुकसान झालं त्या दिवशी रडली नव्हती.

मूठभर माती हुंगून तुम्ही म्हणालात, डिझेल खाणारे जिवाणू हिच्यातच आहेत, फक्त उपाशी आहेत. डिझेलात कार्बन रग्गड. नत्र नाही, स्फुरद म्हणजे फॉस्फरस नाही. "नुसतं तूप पिऊन कोण जगतं? भाकर नको का?" ती भाकर म्हणजे शेणखत, नत्रासाठी थोडा युरिया, स्फुरदासाठी थोडं डीएपी खत. वर ओल टिकवायची आणि वखर चालू ठेवायचा, कारण आपली काळी माती आवळली की आत हवा शिरत नाही. अलास्कात १९८९ साली जहाजातलं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिथंही खत टाकलं होतं, हे तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत. तेल खाणाऱ्या जिवाणूच्या पेटंटसाठी आपले बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले, हेही सांगितलंत. त्यावर आई म्हणाली, "जंतूचा निकाल लागतो, अन् आमच्या भरपाईचा लागत नाही!" तुम्ही हसलात, पण खोटा दिलासा दिला नाहीत. तेही बरं वाटलं. शिकलेली माणसं आम्ही खूप पाहिली सर. खालच्या आवाजात बोलणारी थोडी.

पहिल्या पावसाळ्यात मुगाचे दहा दाणे टोकले, दोनच उगवले. मी खचलो. तुम्ही मात्र "दोन उगवले?" असं पेढे वाटल्यासारखं विचारलंत. गेल्या खरिपात ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून तिथंच गाडला. माती पुन्हा तपासून आली, तो कागद वाचून तुम्ही हो म्हणालात, तेव्हाच हरभरा टाकला.

आता घाटे भरलेत. हुळा खायला या. एसटीनं येऊ नका, मी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
सहा गुंठेवाला